सूर कुणाच्या मालकीचा?

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात रोहणा नावाचे गाव आहे. पुलगावहून आर्वीला जाणारी अरुंद रुळांची छोटी आगगाडी एके काळी या गावावरून जात असे. ती बंद पडून पुष्कळ वर्षे लोटली, आता एस.टी. आणि खासगी वाहने यांवरच सारी भिस्त. या भागात ख्रिस्ती कुटुंबे विरळ. सायंकाळी एखाद्या घरी मिस्साबलिदान अर्पण करावे, नंतर चहा घेता घेता सुखदुःखाच्या चार गोष्टी ऐकाव्यात आणि रात्री परतावे, असा आमचा क्रम असतो.

गेल्या आगमनकाळात असेच एका घरी जाणे झाले. त्या घरातील बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाने पेटीवर सारी गीते सांभाळली. गाणारे गळे दहा-बाराच, त्यांतही एक-दोन बेसूर; पण या मुलाने प्रत्येकाला असे अलगद सुरावर आणून सोडले की, प्रार्थनेत कुठेही खंड पडला नाही. मंडळी उठून गेल्यावर त्याची आई पदराला हात पुसत पुढे आली आणि म्हणाली, "एक विचारू का जी, फादर? हा पोरगा गणपतीत वाजवते, शारदेत वाजवते, राष्ट्रसंताच्या पुण्यतिथीले भजन मंडळात बसते. ऑर्केस्ट्रात त जातेच. आपलेच लोक म्हणतात, पोराचा धर्म सुटला. तुमीच सांगा, याले पाप म्हणाव का?"

मुलगा दाराच्या चौकटीला टेकून खाली मान घालून उभा होता. आईचे बोलणे संपल्यावर तो एवढेच म्हणाला, "फादर, तिथं निवेदक मले 'अँथनी गोन्साल्विस' म्हणून स्टेजवर बोलावते. लोक हासतात. माह्यं नाव त अँथनी नाही."

प्रिय वाचकहो, त्या रात्री आम्ही दोघांनाही नीट उत्तर दिले नाही. "प्रार्थना करू, विचार करू," असे म्हणून निघालो. याचे कारण असे की, या प्रश्नाचे एक तयार उत्तर आमच्यापाशी होते. ते आम्ही पूर्वी एकदा दिले होते, आणि त्या उत्तराची आम्हांला आता लाज वाटते.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. नुकतीच गुरुदीक्षा झालेली. सेमिनरीत जे शिकलो त्याचा उत्साह अंगात मावत नव्हता. आमच्या तेव्हाच्या धर्मग्रामात गायनवृंदातील एक मुलगा क्लॅरिनेट फार सुरेख वाजवी. घरची गरिबी. लग्नसराईत तो एका बँड पथकाबरोबर जाऊ लागला. वरातीपुढे नाचणाऱ्यांसाठी वाजवलेले ओठ रविवारी वेदीपाशी वाजवणार, ही कल्पना आम्हांला सहन होईना. एके दिवशी मिस्सानंतर वस्त्रागारात बोलावून आम्ही त्याला सांगितले, "एक तर बँड, नाही तर वेदी. काय ते ठरव." त्याने काही वाद घातला नाही. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही आला नाही. काही वर्षांनी त्याच्या आईचे देहावसान झाले तेव्हा तो दिसला. दफनविधी होईपर्यंत दूर उभा होता. सगळे पांगल्यावर त्याने क्लॅरिनेट काढले आणि आम्हीच शिकवलेले एक मरियागीत कबरीपाशी वाजवले. आम्ही फाटकापाशी उभे राहून ऐकले. जवळ जाण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. पुढे तो गाव सोडून गेला.

तेव्हा प्रश्न असा : ख्रिस्तसभेच्या अंगणात उमललेली कला वेशीबाहेर, सर्वांच्या कानांपर्यंत गेली, तर ते आपले नुकसान समजावे की आपली भेट? बाहेर गेलेल्या सुरावर आपला हक्क किती? आणि तो सूर गाणाऱ्याचे आपल्याकडे काय देणे उरते?

रोहण्याच्या त्या मुलाला लोक ज्या नावाने हाक मारून हसतात, तेच नाव या प्रश्नाचा उलगडा करण्यास आम्हांला उपयोगी पडले. १९७७ साली आलेल्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटाने ते घराघरांत पोहोचवले. ईस्टरच्या नाचाचा प्रसंग, भलेमोठे अंडे फुटते, आतून उंच टोपी आणि काळा कोट घातलेला नायक बाहेर येतो आणि अर्थहीन इंग्रजीची बरसात करतो. सारा देश हसला, आजही हसतो. परंतु अँथनी गोन्साल्विस नावाचा एक माणूस खरोखरच होऊन गेला, हे हसणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्या चित्रपटाचे संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. प्यारेलाल यांनी ज्यांच्यापाशी व्हायोलिनचे धडे घेतले, त्या गुरूचे हे नाव. शिष्याने गुरूला वाहिलेली ती आदरांजली होती. पडद्यावर मात्र ती विनोदाच्या वेशात आली.

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ सालचा, गोव्यातील साष्टी तालुक्यातल्या माजोर्डा गावचा. वडील तेथील चर्चमध्ये गायनवृंदाचे प्रमुख. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडून शाळा असत. तेथे मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलिपी वाचायला शिकवीत. गावचा 'मेस्त' हातात छडी घेऊन बसे. मुले आधी स्वर वाचायला शिकत आणि मग वाद्याला हात लावीत. कागदावरची काळी टिंबे पाहून गळ्यातून अचूक सूर काढायचा, हा तेथील पाया. रविवारची मिस्सा, फेस्ताची मिरवणूक, घरोघरची लदीन या सर्वांना वादक लागत, आणि ते या शाळांतून तयार होत. कितीतरी गरीब घरांतील मुलांना हीच एक विद्या होती.

ही विद्या घेऊन गोन्साल्विस १९४३ साली, वयाची विशीही पुरी झाली नव्हती तेव्हा, मुंबईस आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक म्हणून दाखल झाले. पुढे ते संयोजक झाले. राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल हे त्यांचे विद्यार्थी. त्या काळच्या हिंदी चित्रपटसंगीताची रीत वाचकांनी ध्यानात घ्यावी. संगीतकार चाल बांधे. पेटीवर ती गाऊन दाखवी. परंतु वीस-तीस व्हायोलिने, चेलो, ट्रंपेट, सॅक्सोफोन एका क्षणी एकत्र कसे वाजावेत, कुणी कोणता स्वर धरावा, हे कागदावर लिहून काढणारा माणूस निराळा असे. त्याला ॲरेंजर म्हणत. आपल्या रागसंगीताच्या परंपरेत विद्या मुखोद्गत. एवढ्या मोठ्या वाद्यमेळासाठी लागणारी लिखित स्वरमेळाची पद्धत तिच्यात नव्हती. ती पद्धत साष्टी-बार्देशच्या चर्चशाळांतून शिकून आलेल्या गोवेकरांना अवगत होती. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे सेबास्टियन डिसोझा उभे होते. आपल्या सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (१९५१) या चित्रपटातील ठेक्यांमागे अंतोनियो वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट यांचा हात होता. फ्रँक फर्नांड, आणि असे आणखी कितीतरी. पडद्यावरील नामावलीत यांपैकी बहुतेकांची नावे कधी आली नाहीत. आली तर 'सहायक' म्हणून. ज्या गाण्यांवर दोन-तीन पिढ्यांनी आपली सुखदुःखे सांगितली, त्या गाण्यांच्या मधल्या जागा या माणसांनी भरल्या होत्या.

गोन्साल्विस यांची ओढ याहूनही खोल होती. मुंबईत त्यांच्या कानांवर राग पडले आणि ते भारावून गेले. चर्चने दिलेला स्वरमेळ आणि या भूमीचे राग यांची भेट घडवावी, या ध्यासाने त्यांनी सारंग रागावर आधारित रचना केल्या, आणि १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभराहून अधिक वादकांचा मेळ उभा करून त्या सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. १९६५ साली ते अमेरिकेतील सिरॅक्यूस विद्यापीठात गेले. पुढे माजोर्ड्याला परतून त्यांनी प्रसिद्धीपासून दूर आयुष्य घालवले. १८ जानेवारी २०१२ रोजी त्यांचे निधन झाले.

हे जीवन पाहिले म्हणजे मनात एक चमत्कारिक हिशेब उभा राहतो. त्यांचा सूर कोट्यवधी लोकांपर्यंत गेला, पण त्यावर नाव नव्हते. त्यांचे नाव कोट्यवधी लोकांपर्यंत गेले, पण त्यात त्यांचा सूर नव्हता. ख्रिस्ती संगीतकार सर्वसामान्य रसिकांपर्यंत पोहोचला असे ज्याला आपण म्हणतो, ते याच दोन वाटांनी घडते. आता यांपैकी आपण कशाचा अभिमान बाळगायचा? नावाचा की सुराचा?

प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात आपल्या शिष्यांना एकामागून एक अशा दोन उपमा दिल्या आहेत. संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात वाचकांना त्या सापडतील. एक मिठाची, दुसरी दिव्याची. आम्ही प्रवचनांतून या दोन्ही उपमा एका दमात सांगून टाकतो आणि त्यांतील फरक विसरतो. दिवा दिसला पाहिजे. झाकून ठेवलेला दिवा निरुपयोगी. मिठाचे उलट आहे. भाजीत मीठ दिसू लागले तर ते विरघळले नाही असे समजावे. दिवा आपल्या जागी राहून काम करतो, मीठ आपली जागा सोडून. प्रभूने दोन्ही मागितले. परंतु प्रत्येक शिष्याने प्रत्येक वेळी दोन्ही असावे, असे काही त्याने म्हटलेले नाही. रविवारी वेदीपाशी स्तोत्र गाणारा दिवा असतो. नौशादांच्या वाद्यवृंदात तिसऱ्या रांगेत बसून व्हायोलिन वाजवणारा मीठ असतो. आम्ही त्या क्लॅरिनेटवाल्या मुलाला दिवा होण्याची आज्ञा केली आणि त्याने मीठ होण्याचा गुन्हा केला म्हणून त्याला बाहेर काढले.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. आमच्या धर्मग्रामातील एका वयोवृद्ध शिक्षकांनी तो आमच्यापुढे मांडला. ते म्हणाले, "फादर, गोव्यात, वसईत ख्रिस्ती समाज मोठा आहे, तिथे चार जण विरघळले तर चालते. इथे आपण मूठभर. इथली चार पोरे बाहेर गेली तर गायनवृंदच उरत नाही. मीठ विरघळले की मिठाचा डबा रिकामा होतो, हे कुणी सांगत नाही." या बोलण्यातील वेदना आम्हांला समजते. विदर्भातील लहान लहान धर्मग्रामांत पेटी वाजवणारा एक मुलगा निघून जाणे म्हणजे काय, हे ज्याने गीताविना मिस्सा अर्पण केली आहे त्यालाच कळेल. आपली ओळख पुसली जाण्याचे भय खोटे नव्हे.

तथापि वाळूचे उदाहरण घ्या. वाळू पाण्यात कितीही दिवस राहिली तरी वाळूच राहते. तिची ओळख शाबूत असते. पण तिच्यामुळे पाण्याला चव येत नाही. ओळख राखणे हेच सर्वस्व मानले तर आपण मीठ राहणार नाही, वाळू होऊ. प्रभूने दिलेला इशारा मिठाने विरघळू नये असा नाही, मिठाने खारटपणा सोडू नये असा आहे. म्हणून विचारायचा प्रश्न 'तो आमच्यात राहिला का?' हा नसून 'त्याच्यात चव राहिली का?' हा आहे.

दुसरी एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. सूर आपल्याकडून बाहेर जातात, तसे ते बाहेरून आपल्याकडेही आलेले आहेत. गोन्साल्विस यांच्या त्याच साष्टीत, रायतूर येथे, १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. इंग्लंडात जन्मलेल्या त्या येशूसंघीय धर्मगुरूने मराठी पुराणांची ओवी घेतली आणि तिच्यात तारणाची कथा सांगितली. तीन शतकांनी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग आणि कीर्तन ही आपली वडिलोपार्जित ठेव प्रभूच्या चरणी आणली. ते आपल्या पंथाचे नव्हते, तरी त्यांचे उपकार आपण सारेच मानतो. आज आमच्या चर्चमध्ये पेटी, ढोलकी, टाळ वाजतात. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या आपल्या संविधानात, ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य मान व स्थान द्यावे, असे सांगितले, त्याचे हे फळ. ढोलकीचा तो ठेका आम्हांला शेजाऱ्याने दिला. खंजिरीवर भजन कसे म्हणावे हे तुकडोजी महाराजांच्या या प्रदेशात लहान मूलही जाणते. मग आमचा मुलगा शेजाऱ्याच्या भजनात पेटीवर बसला तर तो घराबाहेर गेला असे न म्हणता, घरावरचे ऋण फेडायला गेला असे का म्हणू नये?

आणि आपण आपल्याच जिल्ह्याकडे पाहावे. सेवाग्राम रोहण्यापासून दूर नाही. गांधीजींना प्रिय असलेल्या प्रार्थनागीतांत जॉन हेन्री न्यूमन यांचे, अंधारात वाट दाखवणाऱ्या प्रकाशाला केलेल्या विनवणीचे एक गीत होते. १८३३ साली इटलीहून परतताना, आजारातून उठलेल्या न्यूमन यांनी ते जहाजावर लिहिले. गुजराती कवी नरसिंहराव दिवेटिया यांनी त्याचे रूपांतर केले, आणि ते आश्रमाच्या भजनावलीत आले. न्यूमन पुढे कॅथोलिक झाले, कार्डिनल झाले, २०१९ साली त्यांना संतपद मिळाले. त्यांचे गीत आश्रमात गाणाऱ्यांपैकी किती जण ख्रिस्ती झाले, असा हिशेब आम्ही मांडला तर तो न्यूमन यांचा अपमान होईल. ते गीत भेट म्हणून गेले होते. दिलेल्या वस्तूवर आपले नाव राहिलेच पाहिजे आणि तिच्यापासून काही परत आलेच पाहिजे, असा आग्रह धरला की तिला भेट म्हणता येत नाही. ती गुंतवणूक होते.

याचा अर्थ बाहेरची वाट निर्धोक आहे असा मात्र नाही. दिवा म्हणून बाहेर गेलेल्यांच्याही कहाण्या पाहाव्यात. १९६३ साली बेल्जियममधील एका दोमिनिकन मठातील भगिनी जेनीन डेकर्स यांनी आपल्या संघाच्या संस्थापकावर, संत दोमिनिकवर रचलेले साधे गीत ध्वनिमुद्रित झाले आणि त्याच वर्षअखेरीस अमेरिकेत लोकप्रियतेच्या यादीत पहिले ठरले. जगाने त्यांना 'गाणारी नन' म्हटले. तीन वर्षांनी त्या मठातून बाहेर पडल्या. त्यांच्या गाण्याच्या मिळकतीचा मोठा भाग त्यांच्या हाती आलाच नव्हता. करवसुलीची मागणी मात्र त्यांच्याकडे आली. पुढची गाणी चालली नाहीत. १९८५ साली त्यांनी आपले जीवन संपवले. अलीकडे इटलीतील एका तरुण धर्मभगिनीने, सिस्टर क्रिस्तिना यांनी, २०१४ साली दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धा जिंकली आणि व्यासपीठावरच 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हटली. आपल्याकडेही अनेकांनी आनंद व्यक्त केला. २०२२ साली त्यांनी संन्यस्त जीवन सोडल्याचे जाहीर केले, तेव्हा तेच लोक कुजबुजू लागले.

या भगिनींचा न्याय करण्याचा आम्हांला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. आम्हांला टोचते ते आपले वागणे. आपला कुणी बाहेर चमकला की आपण त्याला 'आमचा' म्हणतो, फलक लावतो, फेस्ताला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावतो. तो विस्मृतीत गेला किंवा अडखळला की त्याचे दार कुणी ठोठावीत नाही. टाळ्या वाजत असेपर्यंत तो समाजाचा, टाळ्या थांबल्या की तो एकटा. हे प्रेम नव्हे. उधळपट्ट्या मुलाच्या बापाने मुलाला परदेशात कीर्ती मिळाली आहे का, याची चौकशी केली नव्हती. तो वाटेकडे डोळे लावून होता.

संगीताच्या मोहाविषयी ख्रिस्तसभा भोळी नाही. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या खंडात कबूल केले आहे की, कधी कधी गीतातील आशयापेक्षा गाणाऱ्याचा गळाच आपल्याला अधिक हलवतो, आणि तसे झाले की आपण चुकलो असे त्यांना वाटते. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली, संत सिसिलियाच्या सणाच्या दिवशी काढलेल्या पत्रात रंगभूमीवरील धाटणीचे संगीत उपासनेत नको असे बजावले. पियानोदेखील चर्चमध्ये वर्ज्य ठरवला. पुढे नियम सैल झाले. पण त्यामागचा विचार योग्य होता. मात्र ध्यानात घ्या, हा पहारा बाहेरून आत येणाऱ्या संगीतावर आहे. उपासना ही उपासनाच राहावी म्हणून तो आहे. आतून बाहेर जाणाऱ्या माणसाला वेशीवर अडवण्यासाठी तो नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९९च्या ईस्टरला जगातील कलावंतांना जे पत्र लिहिले, त्यात तर धार्मिक विषयांपलीकडील खऱ्या कलेचेही श्रद्धेच्या जगाशी नाते असते, असे त्यांनी आवर्जून म्हटले आहे.

मग बाहेर गेलेल्या आपल्या वादकाने आणि गायकाने स्वतःला काय विचारावे? आम्हांला तीन प्रश्न सुचतात.

पहिला : माझे काम प्रामाणिक आहे का? रियाज करून, वेळेवर येऊन, घेतलेल्या पैशाला जागून मी वाजवतो का? माजोर्ड्याच्या मेस्ताने मुलांना शिकवलेला अचूक सूर मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात अचूकच राहिला, हीसुद्धा साक्ष होती.

दुसरा : माझ्या वाजवण्याने कुणा माणसाची विटंबना होते का? देवाची प्रतिमा असलेल्या स्त्रीला बाजारातली वस्तू करणारे गाणे, एखाद्या जातीला वा धर्माला हिणवणारी घोषणा यांना माझ्या बोटांची साथ मिळते का? आपण पोरगा शेजाऱ्याच्या भजनात बसला म्हणून काळजी करतो, आणि लग्नाच्या मध्यरात्री तो काय वाजवतो हे विचारत नाही. आमच्या मते काळजीची जागा चुकली आहे. भजनाविषयी एवढे सांगावे : २८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांत जे जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे जाहीर केले. शेजाऱ्याच्या गाण्याला साथ देणे निराळे आणि अंतःकरणात नसलेली आराधना ओठांवर आणणे निराळे. पहिले शेजारधर्मात बसते. दुसरे ढोंग आहे. ते शेजाऱ्यालाही नको असते. ही रेषा ज्याची त्याने आपल्या विवेकाने ओळखायची.

तिसरा : परतीची वाट उघडी आहे का? जेथे मला कुणी टाळ्या देत नाही, माझे नाव पुकारत नाही, जेथे मी केवळ क्षमा मागणारा एक माणूस आहे, अशा ठिकाणी मी आठवड्यातून एकदा तरी गुडघे टेकतो का? मिठाची चव तेथे टिकते.

पण हा तिसरा प्रश्न जेवढा त्याचा, तेवढाच आपला. वाट उघडी ठेवणे घरातल्यांच्या हाती असते. गोन्साल्विस आकाशातून पडले नव्हते. त्यांच्यामागे गावचे एक चर्च, वडिलांचा गायनवृंद आणि शाळा होती. आज आमच्या किती धर्मग्रामांत मुलांना स्वर ओळखायला शिकवले जाते? की-बोर्डाचे बटण दाबले की ठेका आपोआप वाजतो. शिकवायचे कष्ट वाचतात. आपण देणार काहीच नाही, आणि बाहेर गेलेल्याकडून निष्ठेची थकबाकी तेवढी मागणार, हा कुठला न्याय?

ख्रिस्तजयंतीनंतर आम्ही पुन्हा रोहण्यास गेलो. त्या माउलीला म्हटले, "माय, पाप नाही. तुझ्या पोराचा धर्म सुटला नाही." तिने पदर डोळ्यांना लावला. मग मुलाला बाजूला घेऊन आम्ही तो दुसरा प्रश्न विचारला. तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "दोन-तीन गाणी हायेत, फादर. वाजवताना बहिणीसमोर मान वर होत नाही." काय करायचे हे आम्ही सांगितले नाही; त्याला ते ठाऊक होते.

त्यानंतर आम्ही त्याला माजोर्ड्याच्या व्हायोलिनवादकाची हकिकत सांगितली. चर्चशाळा, नौशाद, शंभर वादकांचा तो मेळ, सारे काही. तो लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे, फादर, ते नाव चिडवायचं नाही?"

"नाही," आम्ही म्हणालो. "ते एका गुरुजींचे नाव आहे."

आता राहिला आमचा स्वतःचा हिशेब. त्या क्लॅरिनेटवाल्या मुलाचा ठावठिकाणा आम्ही शोधतो आहोत. तो आता चाळिशी ओलांडून गेला असेल. भेटला तर त्याला उपदेश करायचा नाही. पंचवीस वर्षांपूर्वी वस्त्रागारात जे बोललो त्याची क्षमा मागायची आहे, आणि गायनवृंदात एक खुर्ची रिकामी आहे, एवढे सांगायचे आहे. त्याने बँड सोडून यावे, अशी अट त्या खुर्चीला नाही.